भरतकामाचा खाका

कापडावर भरावयाचे चित्र त्या कापडावर प्रथम येते कसे, हा प्रश्न भरतकाम पाहणाऱ्यास सहसा पडत नाही. मोराच्या पिसाऱ्यातील निळेहिरवे रेशीम, कमळाच्या पाकळीवरील गुलाबी छटा, टाक्यांचा एकसारखेपणा, ह्यांतच त्याची दृष्टी गुंतून राहते. सुई हाती घेणारीस मात्र हा प्रश्न सर्वांआधी सोडवावा लागतो. तिच्या एका बाजूस रंगीत चित्र असते. त्यात रंगांचे डाग आहेत, एकमेकांत विरघळलेले प्रकाश आणि छाया आहेत, पण रेघ अशी बहुधा कोठेच नाही. दुसऱ्या बाजूस कोरे कापड असते, आणि त्यावर प्रारंभी काही उमटविता येते ते म्हणजे एक बारीक रेघ. तीही अशी की, काम पुरे होताच दोऱ्याखाली ती नाहीशी झाली पाहिजे. रंगाचे अशा रेघेत रूपांतर करणे ह्यास कारागिरांच्या बोलीत खाका काढणे म्हणतात.

खाका हा शब्द फारशी असून 'खाक' म्हणजे धूळ, ह्यापासून तो निघाला आहे. मराठीत योजनेचा खाका, नाटकाचा खाका, असे सर्रास म्हटले जाते. परंतु त्या शब्दात एके काळी खरोखरीची धूळ होती, हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते. ती कृती अशी. चित्रावर पातळ पारदर्शक कागद ठेवून त्यावर रेघ उतरवून घ्यावयाची. मग तो कागद लोकरी कापडाच्या घडीवर पसरून रेघेवरून सुईने भोके पाडीत जावयाचे. भोके फार दूर पडली तर रेघ तुटते. फार जवळ पडली तर कागद चिरतो आणि पाकळीच्या पाकळी गळून पडते. सुई ज्या बाजूने बाहेर येते तेथे कागदाचे बारीक ओठ उभे राहतात. ते काचकागदाने घासून काढल्यावाचून भोक मोकळे होत नाही. एवढे झाल्यावर कागद कापडावर टाचावयाचा, कोळशाच्या वस्त्रगाळ पुडीची पुरचुंडी बांधावयाची, आणि ती हलक्या हाताने कागदावर आपटीत न्यावयाची. कागद उचलला की कापडावर काळ्या ठिपक्यांची रांग दिसते. कापड गडद रंगाचे असले तर कोळशाऐवजी खडूची किंवा जस्तभस्माची पांढरी पूड घेतात. आणि ती झटकताच उडून जाऊ नये म्हणून जरीचे कारागीर ती रॉकेलमध्ये कालवून चिंधीने कागदावरून फिरवितात. रॉकेल उडून जाते, ठिपका मागे राहतो.

नागपूरजवळच्या खापरखेड्यासारख्या गावी कोळसा म्हटला म्हणजे औष्णिक विद्युत्केंद्र आणि आसपासच्या खाणी डोळ्यांपुढे येतात, व कापडावर बसणारी पूड ही गृहिणीच्या तक्रारीची बाब ठरते. खाक्याचा कोळसा निराळा. तो लाकडाचा, आणि त्याची पूड कापडावर बसावी म्हणून मुद्दाम खटपट करावी लागते. असो. ज्या घरी भरतकाम होत नाही, त्या घरीही ही युक्ती निराळ्या रूपाने असतेच. भोके पाडलेल्या पत्र्याचे रांगोळीचे छाप उंबऱ्यापाशी ठेवून वरून रांगोळी घासली की खाली कमळ उमटते. तत्त्व तेच, केवळ कापडाच्या जागी सारवलेली जमीन आहे.

ही युक्ती किती जुनी आहे, ह्याची साक्ष मध्य आशियाच्या वाळूने राखून ठेवली. चीनच्या वायव्य सीमेवरील डुनहुआंग येथील बौद्ध लेण्यांत, शेकडो वर्षे भिंतीआड बंद राहिलेल्या एका दालनातील ग्रंथ व चित्रे ऑरेल स्टाइन ह्यांनी १९०७ मध्ये पाहिली व त्यांतील पुष्कळशी इंग्लंडला नेली. त्यांत बुद्धाच्या आकृतीचे टोचलेले कागद आहेत. ते सुमारे हजार वर्षांपूर्वीचे. एकाच कागदावरून भिंतीवर पाहिजे तितके बुद्ध उमटविता यावेत, हा त्यांचा उपयोग. त्याच दालनात बुद्धाचे, पुरुषभर उंचीहूनही मोठे, रेशमाने भरलेले एक पट मिळाले. ते आठव्या शतकातील मानले जाते. चित्रकाराचा खाका आणि भरतकामाची सुई ही दोन्ही अशी एकाच भिंतीआड शतकानुशतके पडून होती.

युरोपातही चित्रकार व भरतकाम करणारा ह्यांचा संबंध असाच निकटचा होता. इटलीतील चेन्नीनो चेन्नीनी ह्या चित्रकाराने इसवी सन १४०० च्या सुमारास चित्रकलेच्या कृतींचे जे पुस्तक लिहिले, त्यात भरतकाम करणाऱ्यांसाठी कापडावर आकृती कशी काढून द्यावी, ह्याचा स्वतंत्र पाठ आहे. कापड चौकटीवर ताणावे, प्रथम कोळशाने आकृती काढावी, मग लेखणी व शाई घेऊन ती पक्की करावी, नंतर कापड मागील बाजूने ओल्या स्पंजाने किंचित भिजवून पातळ शाईने छाया द्यावी, असे तो सांगतो. ह्या शेवटच्या वाक्यात सगळी मेख आहे. केवळ कडेची रेघ दिली म्हणजे भरणाऱ्याचे भागत नाही. टाके कोठे दाट घालावयाचे, रंग कोठे बदलावयाचा, हेही त्यास कळले पाहिजे. चेन्नीनीने बकऱ्याच्या कोवळ्या चामड्यास व कागदास तेल पाजून ते पारदर्शक करण्याची कृतीही दिली आहे. मोगल चित्रशाळांत ह्याच कामी हरणाचे पातळ कातडे वापरीत व त्यावर उतरविलेल्या रेखांकनास चरबा म्हणत. 'चरबा उतरविणे' हा प्रयोग मराठीच्याही परिचयाचा आहे.

चेन्नीनीच्या ह्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुवाद करणाऱ्या बाई म्हणजे लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम. आणि त्यांचे नाव महाराष्ट्रात ज्या कारणाने घेतले जाते ते कारण अजिंठा हे होय. भरतकामासाठी कापडावर रेघ कशी काढावी हा पाठ ज्या लेखणीने इंग्रजीत आणला, तोच हात पुढे दहा वर्षांनी अजिंठ्याच्या भिंतीवरील रेघ उतरवून घेण्यात गुंतला, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

अजिंठ्याच्या चित्राची घडण रेघेपासून होते आणि तिचा शेवटही रेघेतच होतो. माती, तूस इत्यादींचा गिलावा देऊन त्यावर पांढरा हात फिरविल्यानंतर चित्रकार गेरूने आकृतीची कड आखीत असे. मग रंग भरले जात. आणि रंग भरताना जी कड बुडे ती पुन्हा तपकिरी किंवा काळ्या रेषेने उठविली जाई. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची भुवई, तिच्यापासून नाकाच्या दांडीवरून ओठापर्यंत उतरणारी रेषा, बोटांचे वळण, ही सारी ह्या दुसऱ्या रेषेची करामत. म्हणून अजिंठ्याचे चित्र कितीही रंगीत असले तरी त्याचा खाका काढणारास रेघ शोधीत बसावे लागत नाही. ती चित्रकारानेच ठेवून दिलेली असते. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात असा अभिप्राय आहे की, आचार्य रेषेची वाखाणणी करतात, विचक्षण लोक छायाप्रकाशाची. स्त्रियांस अलंकार आवडतात आणि इतर जनांस भडक रंग. ह्यांतील स्त्रियांविषयीचे मत ज्या कोणाचे असेल, त्याने त्यांना चौकटीवर कापड ताणून बसलेले पाहिले नसावे. रेघ अर्धा दोरा चुकली तर फूल बिघडते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक?

अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये पुन्हा लोकांच्या नजरेस आली. त्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी मद्रासच्या लष्करातील रॉबर्ट गिल ह्या अधिकाऱ्याची नेमणूक १८४४ मध्ये झाली, आणि पुढील जवळजवळ दोन दशके तो गृहस्थ त्या दऱ्यांत राबला. त्याने केलेल्या मोठमोठ्या तैलचित्रांपैकी बहुतेक सर्व लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली असता डिसेंबर १८६६ मध्ये आगीत भस्म झाली. त्यानंतर मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स ह्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत आपल्या विद्यार्थ्यांसह हे काम पुन्हा केले. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हे पुढे नावारूपास आलेले चित्रकार होते. त्यांनी रंगविलेले तीनशेच्या आसपास पट लंडनला गेले, आणि दैवगती अशी की, १८८५ मध्येच साउथ केन्सिंग्टन येथे लागलेल्या आगीत त्यांतील कित्येक जळाले. इकडे मूळ चित्रांवर नकलकारांनी रंग उजळून दिसावेत म्हणून वार्निश चढविले होते; ते काळाने पिवळे पडून भिंतीवरील रंग झाकोळू लागले, आणि ते काढण्यासाठी निजाम सरकारास १९२० नंतर इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी हे तज्ज्ञ आणवावे लागले. रंग वाचविण्याच्या खटपटीत रंगच असे दगावले.

ग्रिफिथ्स ह्यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला. त्यात रंगीत पानांबरोबर एकेरी रेखाचित्रेही आहेत, आणि दुसरा खंड मुख्यतः छतावरील नक्षीचा आहे: कमळे, वेली, फळे, बदके, बैलांची झुंज, गमतीदार बुटके. ज्या ग्रंथाने अजिंठा नक्षीकारांच्या मेजावर आणून ठेवला तो हा. कलाशाळांतील अभ्यास, पुस्तकांची सजावट, पदर व पडदे ह्यांवर पुढे अजिंठ्याचे म्हणून जे कमळ व हंस दिसू लागले, त्यांचा प्रवास भिंतीवरून थेट कापडावर झालेला नाही. मध्ये असा कोणीतरी बसलेला आहे, ज्याने कोणती रेघ घ्यावयाची व कोणती सोडावयाची हे ठरविले. भिंतीचा पापुद्रा जेथे उडाला होता तेथे त्याने आपल्या तर्काने पाकळी पुरी केली. कापडावर सुईने ते कमळ भरणारीस हा तर्क मुळीच दिसत नाही. तिला सगळी पाकळी सारखीच प्राचीन वाटते.

लेडी हेरिंगहॅम ह्यांनी १९०९-१० आणि १९१०-११ असे दोन हिवाळे अजिंठ्यास काढले. त्यांच्या मदतीस कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त व वेंकटप्पा हे तरुण आले होते; हैदराबादेहून सैयद अहमद व फज्लुद्दीन हे दोघे; आणि इंग्लंडहून दोन चित्रकार स्त्रिया. ग्रिफिथ्स ह्यांच्या विद्यार्थ्यांचा भर कॅनव्हासवरील तेलरंगांवर होता. ह्या मंडळीचा जिव्हाळा रेषेशी होता. नंदलाल बोस ह्यांच्या पुढील सर्व चित्रांत जी सळसळती, एका दमात ओढलेली रेघ आढळते तिचे बाळकडू अजिंठ्याचे आहे, ह्याविषयी जाणकारांत दुमत नाही. परत गेल्यावर हेरिंगहॅम ह्यांचे मनःस्वास्थ्य ढळले. त्यांच्या नकलांचा संग्रह इंडिया सोसायटीने १९१५ मध्ये छापला, तेव्हा त्या स्वतः काम करण्याच्या स्थितीत राहिल्या नव्हत्या. त्यांच्याबरोबर आलेल्या स्त्रियांपैकी डॉरोथी लार्चर ह्या पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातच राहिल्या आणि पुढे इंग्लंडात लाकडी ठशांनी कापड छापण्याच्या कलेत त्यांनी मोठे नाव मिळविले. अजिंठ्याच्या भिंतीपुढे बसून रेघ घेणारा हात शेवटी कापडावरच विसावला.

अजिंठ्याच्या उलट टोकास राजा रविवर्मा ह्यांचे चित्र आहे. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईस गिरगावात छापखाना घातला; तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तेथे छापलेल्या लक्ष्मी व सरस्वती मराठी घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसल्या. रविवर्मा ह्यांचे रंग तेलाचे. त्यांत गाल प्रकाशातून छायेत असा उतरतो की कोठे संपला हे सांगता येऊ नये. कड अशी नाहीच. अशा चित्राचे छापील रूप करावयाचे म्हणजे दगडावर छपाई करणारासही प्रथम खाकाच काढावा लागे! शिळाछपाईत प्रत्येक रंगास वेगळा दगड; दहा-बारा, प्रसंगी त्याहूनही अधिक. हे सारे दगड एकमेकांवर बिनचूक बसावेत म्हणून कारागीर मूळ चित्रावर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक रंगाची सीमा बारीक रेघेने आखून घेई, आणि तोच आराखडा सर्व दगडांवर उतरवी. छापून झालेल्या चित्रात त्या रेघेचा मागमूस राहात नसे. भरतकामातील रेघ दोऱ्याखाली जाते, ही शाईखाली जात असे; जात एकच.

ही चित्रे घरी आल्यावर स्त्रियांनी त्यांचे जे केले, ते कलेच्या इतिहासकारांनी अलीकडे कोठे मनावर घेतले आहे. लक्ष्मीच्या छापील साडीवर खऱ्या रेशमाचा तुकडा बेतून चिकटविला वा टाचला. काठाला जर लावली. दागिन्यांच्या जागी टिकल्या, मणी व कलाबतू भरला. मात्र चेहरा, हात आणि पाय छापील होते तसेच ठेवले. ह्यास कोणी हौस म्हणेल, कोणी भक्ती म्हणेल, दोन्ही खरे. परंतु त्यात एक फार नेमकी पारखही आहे. साडीच्या निऱ्यांची, मुकुटाची, कमळाची कड रेघेत बांधता येते. रविवर्म्यांनी रंगविलेला गाल रेघेत बांधता येत नाही. जेथे रेघ पुरी पडत नाही तेथे सुई थांबविली पाहिजे, हे त्या अनाम स्त्रियांनी कोणत्याही कलाशाळेत न जाता ओळखले होते.

अशा छायामय चित्राचा खाका काढताना अनुभवी हात काही गोष्टी पाळतो. सावलीची कड ही वस्तूची कड नव्हे. म्हणून हनुवटीखालची छाया गळ्यावर रेघ म्हणून उतरवावयाची नाही, नाही तर देवीच्या गळ्यात दोरी पडते. एक वस्तू दुसरीच्या पुढे येते तेथील रेघ कधीही सोडावयाची नाही, कारण पुढे-मागे कळते ते त्याच रेघेने. प्रत्येक आकार बंद असला पाहिजे. उघड्या आकारात भरीव टाका कोठे थांबवावा हे कळत नाही. दोन रेघांमधील अंतर दोऱ्याच्या जाडीहून कमी असून उपयोगी नाही. रंग वीस असले तर ते सहा-सातांवर आणावे लागतात, व जेथे गडदातून फिक्यात जावयाचे तेथे रेघ न देता लांब-आखूड टाक्यांसाठी तुटक खुणा ठेवाव्या लागतात. आणि कोणती रेघ साखळी टाक्याने जाड दिसेल, कोणती दांडी टाक्याने बारीक राहील, हेही कागदावर असतानाच ठरलेले असावे लागते. हे सारे चित्र पाहून कळण्यासारखे नाही. त्यासाठी आधी पुष्कळ भरलेले असावे लागते.

खाक्यावाचूनही भरतकाम होते, आणि त्याची परंपरा महाराष्ट्राच्या सीमेवर उत्तम आहे. सोलापूर, सांगली, कोल्हापूर ह्या बाजूस परिचित असलेला कर्नाटकी कशिदा कापडावर काहीही न आखता, केवळ आडवेउभे धागे मोजून भरतात. गावंती, मुरगी, नेगी व मेंथी हे त्याचे चार टाके. गोपुर, तुळशीवृंदावन, अंबारीचा हत्ती, पालखी ही त्याची चित्रे. धागा मोजावयाचा म्हणजे वळण पायऱ्यांनीच घ्यावे लागते, म्हणून त्यातील हत्तीस कोन असतात, पण त्या कोनांची एक ऐट असते. बंजारा स्त्रियांच्या आरसे व कवड्या लावलेल्या कामातही भूमितीच अधिक. विदर्भातील टसरच्या करवतकाठी साडीचा काठ तर मागावरच करवतीच्या दात्यांप्रमाणे उमटतो. तेथे सुईही नाही. ह्या सर्व कलांत रंगीत चित्र समोर नसतेच, म्हणून ते रेघेत आणण्याचा पेचही नाही.

मोजून भरण्याची हीच रीत युरोपात गेल्या शतकाच्याही मागल्या शतकात निराळ्याच कामी लागली. बर्लिनमध्ये १८०४ च्या सुमारास रंगीत चित्रे चौकटीच्या कागदावर, एका चौकटीस एक टाका ह्या हिशेबाने, रंगवून विकण्यास प्रारंभ झाला. १८४० पर्यंत अशा सुमारे १४,००० नमुन्यांची छपाई झाली, असे तत्कालीन इंग्रजी पुस्तकात नमूद आहे. इंग्लंडातून ही लोकरीच्या फुलांची व कुत्र्यांची लाट मिशनच्या शाळांबरोबर इकडे आली. मॅटीवरील फुलीचा टाका हे तिचे अजून चालू असलेले रूप. तिने चित्र काढण्याची गरजच उडवून दिली. ज्यास दहापर्यंत मोजता येते त्यास गुलाब भरता येतो, ही सोय खरीच. पण तो गुलाब सर्वत्र एकच असतो.

महाराष्ट्रात मुलींच्या शिक्षणाचा प्रसार होऊ लागला तेव्हा शिवण व भरतकाम ह्यांस अभ्यासक्रमात आदराचे स्थान मिळाले. रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये निघालेल्या पुण्याच्या सेवासदनात ह्या विषयांना निव्वळ करमणुकीचे रूप नव्हते. विधवा व निराधार स्त्रियांस चार पैसे मिळवून देणारे ते काम होते. येथे खाक्याचा प्रश्न पोटाचा प्रश्न बनतो. भरतकामाच्या धंद्यात आखणारा आणि भरणारा हे दोन निराळे असले म्हणजे मोबदला आखणाऱ्याकडे झुकतो. लखनौच्या चिकनकामात कापडावर ठशांनी नक्षी छापणारे पुरुष व ती भरणाऱ्या स्त्रिया अशी विभागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि त्यांत कोणाचे हात दिवसभर शिणतात व कोणाचे नाव दुकानात घेतले जाते, हे उघड आहे. जिला आपला खाका आपण काढता येतो ती आपल्या कामाची धनीण. जिला येत नाही ती दुसऱ्याच्या रेघेवर मजुरी करणारी. मुलींच्या शाळांत सुईबरोबर पेन्सिल किती दिली गेली, हे म्हणूनच पाहण्यासारखे आहे, आणि ती पुरेशी दिली गेली असे म्हणवत नाही. ठिपक्यांची रांगोळी रोज काढणाऱ्या मुलीच्या बोटांत रेघ आधीच होती. तिला भूमितीच्या वहीतून शिकविण्याची गरज नव्हती, केवळ ती उंबऱ्यावरून कापडावर आणावयाची होती.

दरम्यान तयार रेघेचा बाजार वाढत गेला. तोही नवा नाही. जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे श्योनस्पेर्गर ह्या मुद्रकाने १५२३ मध्येच भरतकामाच्या नमुन्यांचे पुस्तक छापले होते. अशी पुस्तके आज दुर्मिळ झाली आहेत, आणि त्याचे कारण मोठे गोड आहे: वापरणाऱ्यांनी त्यांची पाने टोचून टोचून संपविली. राल्फ वेजवुड ह्या इंग्रजाने १८०६ मध्ये कार्बन कागदाचा हक्क घेतला. १८७० नंतरच्या दशकात गरम इस्त्री फिरवून कापडावर उतरणारे छाप निघाले. पुढे मासिकांबरोबर नमुन्यांचे मोठे कागद येऊ लागले, आणि शहरांतील पेठांतून उशीचे अभ्रे व मेजपोस छापून देणारे दुकानदार बसले. त्यांच्याकडील टोचलेला कागद शेकडो वेळा वापरला जातो. प्रत्येक वापरात भोके किंचित मोठी होतात, रेघ पसरते. मग त्यावरून नवा कागद टोचतात व त्यात आणखी थोडा फरक पडतो. कोयरीचे शेपूट असे हळूहळू जाड होत जाते, आणि मोराची मान केव्हा बदकाची झाली हे कोणासच कळत नाही.

हे काम यंत्राकडून करून घेण्याची खटपट अर्थातच झाली. एडिसनने १८७६ मध्ये विजेवर चालणारी एक लेखणी पेटंट केली. तिची सुई वेगाने खालीवर होऊन कागदास भोके पाडी. पण ती रेघ गिरविणारे मनुष्याचेच बोट होते. रेघ शोधून काढण्याचे काम गणकयंत्राकडे गेले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जॉन कॅनी ह्यांनी १९८६ मध्ये मांडलेली पद्धत अजून प्रमाण मानतात. तीत चित्र आधी किंचित पुसट करतात, म्हणजे बारीक कण विरतात. मग प्रत्येक बिंदूशी प्रकाश किती झपाट्याने बदलतो ते मोजतात. बदल सर्वांत तीव्र असेल तेवढीच एक पातळ रेघ ठेवतात. आणि अंधूक रेघांपैकी ज्या एखाद्या ठळक रेघेस जाऊन मिळतात त्या राखून बाकीच्या पुसतात. ही शेवटची युक्ती खरोखर चतुर आहे. जुने कारागीरही अंधूक कड दिसली की ती कोठे जाऊन मिळते हे आधी पाहतात. मनुष्याच्या डोळ्याचीही रीत फारशी निराळी नाही. ह्यूबेल व वीसेल ह्यांनी १९५९ मध्ये मांजराच्या मेंदूवर प्रयोग करून दाखविले की, तेथील कित्येक पेशी नुसत्या उजेडास दाद देत नाहीत. विशिष्ट कलाची कड दिसली तरच त्या जाग्या होतात. ह्या मालिकेबद्दल दोघांस १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि रविवर्म्यांची सरस्वती अशा यंत्रास दिली तर काय होते, हे भ्रमणध्वनीवर कोणासही पाहता येते. प्रकाशातील तीव्र बदल म्हणजे कड, एवढेच त्यास ठाऊक. म्हणून नाकाखालच्या छायेची रेघ निघते आणि देवीस मिशा फुटतात. साडी व हंस दोन्ही पांढरे, म्हणून त्यांच्यामधील रेघ गळते आणि हंस पदरातून उगवल्यासारखा दिसतो. पाण्यावरील प्रत्येक चकाकी एक स्वतंत्र आकार होते. मर्यादा वाढविली तर मिशा जातात, पण त्यांबरोबर ओठही जातात; कमी केली तर वीणेच्या तारांत केस मिसळतात. छाप कागदावर घेतला म्हणजे त्यावर पुन्हा पातळ कागद ठेवावा लागतो. ओठ परत आणावयाचे, मिशा सोडावयाच्या, हंसाच्या मानेची कड अंदाजाने पुरी करावयाची, पाणी तीन रेघांत संपवावयाचे. मग टोचणी घ्यावयाची, आणि कागदाखाली लोकरी कापडाची घडी सारावयाची.